पहिल्या वेळी न झालेलं ऑपरेशन

"झोपेत तुमचा श्वास थांबतो," डॉक्टर म्हणाले. "एका तासात चाळीसेक वेळा. थांबतो, शरीर दचकून जागं होतं, पुन्हा सुरू होतो. तुम्हाला कळतही नाही."

यावर उपाय काय, असं कुणीही विचारलं असतं. मी विचारलं, "हे रिपोर्टवर लिहायलाच पाहिजे का?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. घशाभोवती चरबी साठली की आडवं झाल्यावर श्वासाची वाट मिटते, त्याचं हे नाव. सकाळी डोकं ठणकतं, दिवसभर पेंग येते, हृदयावर ताण पडतो. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: मॉर्बिड ओबेसिटी. म्हणजे जिवाला धोका होईल इतका लठ्ठपणा. मी कागदाची घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवली.

मी हैदराबादला, चिक्कडपल्लीच्या एका शाळेत गणित शिकवते. तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. ही तपासणीही मी आपणहून करून घेतली नव्हती. सहामाही परीक्षेत सुपरव्हिजनला असताना खुर्चीत माझा डोळा लागला. माझं घोरणं शेजारच्या वर्गात ऐकू गेलं. हेडमास्तर आले आणि त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं, तेव्हा मी जागी झाले. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. ती हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

त्या छातीच्या डॉक्टरांनी मला सर्जनकडे पाठवलं. वजन कमी करण्याचं ऑपरेशन, ज्याला बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात, तेव्हा हैदराबादेत नवीनच आलं होतं. काचेच्या दारांची, हॉटेलासारखी हॉस्पिटलं उभी राहत होती, त्यांतल्याच एका हॉस्पिटलात मी गेले. तरी तिथल्या ओपीडीतला वजनकाटा एकशेवीस किलोंपुढे जात नव्हता. मी उभी राहिले, काटा टोकाला जाऊन अडकला. नर्स म्हणाली, "खाली कँटीनच्या गोदामात मोठा काटा आहे."

तो काटा तांदळाची पोती तोलायचा होता. यादम्मा नावाची आया मला घेऊन गेली. तिथे दोन माणसं माल उतरवत होती. यादम्माने त्यांना बाहेर घालवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. मी रडते आहे हे तिला न बघताच कळलं असावं.

"शरम कायकू अम्मा," ती म्हणाली. "चावल तुलता, हम भी तुलते."

एकशेएकतीस किलो. सहा वर्षांत मी वजन केलं नव्हतं. माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

सर्जन कमी बोलणारे होते. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. गॅस्ट्रिक बायपास म्हणजे जठराचा वरचा, अंड्याएवढा भाग वेगळा करायचा आणि तो थेट खालच्या आतड्याला जोडायचा. खाणं कमी जातं आणि अंगालाही कमी लागतं. पोट फाडायचं नाही, पाच लहान भोकं पाडून दुर्बिणीने करायचं. त्याला लॅप्रोस्कोपी म्हणतात.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात तुम्हाला माझा राग येईल. सगळ्यांना येतो. वजन उतरेल, पण दर आठवड्याला नाही, आणि तुम्ही मनात धरलंय तेवढंही कदाचित नाही."

मी त्यातलं 'वजन उतरेल' एवढंच ऐकलं.

घरी आम्ही तिघं. हे वकील आहेत, शहराच्या कोर्टात वकिली करतात. मुलगी केतकी तेव्हा इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती. ऑपरेशनचं मी या दोघांनाच सांगितलं. बाकी सगळ्यांना, शाळेत, विद्यानगरच्या शेजाऱ्यांना, पित्ताशयात खडे झालेत असं सांगायचं ठरलं. ठरवलं मीच. खडे कुणालाही होतात. खड्यांना कुणी 'तोंडावर ताबा ठेवता येत नाही का' असं म्हणत नाही.

गौलीगुड्याला माझं माहेर. तिथे दादा आणि वहिनी राहतात. त्यांना तर आधी खड्यांचंही सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोन करू म्हटलं.

त्या दिवसांत मला दोन प्रकारची स्वप्नं पडायची. एकात भूल चढते आणि मी परत येतच नाही. दुसऱ्यात मी जागी होते आणि बारीक झालेली असते, तिथल्या तिथे, पलंगावरच. दिवसाही माझं तसंच चाललेलं असे. एका वहीत मी यादी केली होती. ऑटोत शेजारी कुणी बसू शकेल. फोटोत मागच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. सिटी बसच्या पायरीवर चढताना मागून कुणी 'जल्दी अम्मा' म्हणणार नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि मी काय लिहीत होते याचा काही मेळ नव्हता. आज वाटतं, ती यादी कुणाला तरी दाखवायला हवी होती.

ऑपरेशनच्या आधीचे चौदा दिवस फक्त पातळ आहार घ्यायचा होता. हे समजावायला डाएटिशियन होती, श्रावणी. वरंगळकडची, तेवीस-चोवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. तिने चार्ट दिला, वर हिंदी-तेलुगूची सरमिसळ करत तीनदा सांगितला. गाळलेलं डाळीचं पाणी, पातळ ताक, साय काढलेल्या दुधात प्रोटीनची पावडर. साखर नाही, तळलेलं नाही, चावायचं काहीच नाही.

"कलेजा म्हणजे लिव्हर, जठराच्या वर असतो मॅडम," ती म्हणाली. "तुमचा फॅटी आहे, म्हणजे चरबीने सुजलेला. तो उचलल्याशिवाय सरांना खालचं जठर दिसत नाही. चौदा दिन सिर्फ पतला लिए तो छोटा हो जाता. एक दिन भी मत छोडो मॅडम, प्लीज."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं तिने. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आठ दिवस मी नीट पाळलं. केतकी संध्याकाळी माझ्याबरोबर डाळीचं पाणी प्यायची. "आई, लाइट ले ना, हो जाएगा," म्हणायची, म्हणजे मनावर घेऊ नकोस. तिचं मराठी असंच आहे.

नवव्या दिवशी माहेरी बारसं होतं, दादाच्या नातीचं. न जाणं शक्य नव्हतं. जेवून आले म्हणावं असं ठरवून गेले. पण पंगत बसली आणि वहिनीने माझ्या पानात पुऱ्या वाढल्या, वांग्याची भाजी वाढली, वर खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड. मी नको म्हटलं.

"काय वसू, तू आणि नको म्हणतेस?" वहिनी हसत म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

सगळी पंगत हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आता नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार होतं. मी खाल्लं. पहिली पुरी लाजेने खाल्ली. पुढच्या चार कशाने खाल्ल्या ते माहीत नाही.

एक दिवस चुकला, उद्यापासून पुन्हा सुरू, असं करता आलं असतं. मी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चिक्कडपल्लीच्या बाजारात मिर्चीची भजी घेतली आणि बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभ्याने संपवली. मंगळवारच्या ऑपरेशननंतर हे आपल्याला कधीच खाता येणार नाही, असं डोक्यात बसलं होतं. भीती वाटली की मी खायची आणि खाल्लं की आणखी भीती वाटायची. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. घरी येऊन डाळीचं पाणी सगळ्यांसमोर प्यायची.

शनिवारी श्रावणीचा फोन आला. "मॅडम, चार्ट बराबर फॉलो कर रहे ना?"

"हौ अम्मा, एकदम बराबर," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी मला आत नेलं. हॉस्पिटलचा गाऊन पुरेना, म्हणून यादम्माने दोन गाऊन जोडून बांधले. हे माझा हात धरून लिफ्टपर्यंत आले. भुलीच्या डॉक्टरांनी उलटे आकडे मोजायला सांगितले. गणिताची बाई असून मी सत्त्याण्णवनंतर चुकले.

जाग आली तेव्हा पोटावर हात फिरवला. चिकटपट्ट्या लागल्या. "झालं?" मी विचारलं. नर्स सलाइनची नळी सारखी करत राहिली.

दुपारी सर्जन आले. हे शेजारी उभे होते.

"मी ऑपरेशन केलेलं नाही," सर्जन म्हणाले. "दुर्बीण आत घातली. लिव्हर पूर्ण जठरावर पसरलेलं आहे. उचलायला गेलो असतो तर फाटलं असतं, रक्तस्राव आवरला नसता. म्हणून भोकं शिवून बंद केलं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "चौदा दिवस डाएट पाळलंत?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. "पाळलं म्हणजे काय? माझ्या डोळ्यांसमोर चौदा दिवस पाणी पिऊन काढलेत तिने." मग यांच्यातला वकील जागा झाला. चार्ट कुणी दिला, किती कॅलरीचा होता, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला होता का, त्यावर सही कुणाची आहे. आवाज चढत गेला. सर्जननी श्रावणीला बोलावून घेतलं.

ती फाइल छातीशी धरून आली. सर्जननी तिला सगळ्यांसमोर झापलं. पेशंटला नीट सांगता येत नसेल तर डिपार्टमेंटमध्ये काम काय, एक माणूस विनाकारण भुलीखाली गेला, असं. ती एवढंच म्हणाली, "सर, मैं बताई थी." आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे मिटून घेतले. कळ आल्यासारखं केलं.

माझ्या आजारपणातलं सगळ्यात वाईट काय, असं लोक विचारतात. पोत्यांचा काटा नाही, परीक्षेच्या हॉलमधलं घोरणं नाही. ते डोळे मिटणं.

दोन दिवसांनी घरी आले. लोक भेटायला येऊ लागले. शाळेतल्या बाया सफरचंदं घेऊन आल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर खड्यांचं ऐकून चिडलेली वहिनीही आली. बसल्या बसल्या म्हणाली, "खडे दिलेत का बाटलीत? आमच्या शेजारणीला दिले होते. दाखव की."

"हॉस्पिटलनेच ठेवून घेतले," मी म्हटलं. एक खोटं झाकायला आता रोज नवीन खोटं लागत होतं, आणि मला ते पटापट सुचतही होतं.

सगळे गेल्यावर केतकी माझ्या पायांशी येऊन बसली. बराच वेळ मोबाइलची बटणं दाबत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आई, मला माहिती आहे. तुझ्या पर्समध्ये भज्यांचा कागद होता. तेलकट."

मी पर्स ओढून जवळ घेतली.

"मी बाबांना नाही सांगितलं. पण बाबा सांगत होते, त्या डाएटवाल्या दीदीला किती बोलणी पडली. तिची जॉब गेली तर?"

सतरा वर्षांच्या मुलीपुढे आपण उघडे पडलो याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या संध्याकाळी यांना सांगितलं. हे उठून आत गेले. जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी टाके दाखवायला ऑटोतून निघालो, तेव्हा हॉस्पिटल जवळ आल्यावर म्हणाले, "मी त्या पोरीवर किती ओरडलो. तू मला खोट्या केसमध्ये उभं केलंस, वसुधा."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. हे मला इतकं लागेल असं काही कधी बोलले नव्हते, आणि ते सगळं खरं होतं.

श्रावणी तिच्या लहानशा खोलीत होती. मी तिला बारशापासून शटरपर्यंत सगळं सांगितलं. ती टेबलावरचं पेन नीट ठेवत राहिली. ती म्हणेल 'जाऊ द्या मॅडम', अशी माझी कुठेतरी आशा होती. ती तसं म्हणाली नाही.

"सरांना पण सांगा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

श्रावणी, हे आणि मी सर्जनच्या केबिनमध्ये गेलो. मी उभ्यानेच सांगितलं. सर्जननी सगळं ऐकून घेतलं. "घाबरून असं खाणारे पुष्कळ असतात," ते म्हणाले. "तुम्ही त्याच दिवशी बोलला असतात तर मी रागावलो असतो, एवढंच झालं असतं." मग श्रावणीकडे वळून म्हणाले, "मी आधी तुला विचारायला हवं होतं. माझी चूक झाली." यांनीही हात जोडले.

बाहेर आल्यावर श्रावणीने एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "काल काय काय खाल्लं ते लिहा. सगळं."

मी लिहिलं. डाळीचं पाणी, भात, पुन्हा भात, चहाबरोबर तीन बिस्किटं. तिने वाचलं. "अब ठीक है," ती म्हणाली आणि नवीन तारीख घ्यायला उठली.

दुसऱ्या ऑपरेशनला सहा आठवडे होते. भीती गेली होती असं नाही. पण आता ती बोलून दाखवायला माणसं होती. दादा-वहिनीला घरी बोलावून खरं काय ते सांगितलं. वहिनी जवळ सरकून म्हणाली, "त्या दिवशी माझ्या बोलण्याने झालं का गं?" मी म्हटलं, "खाल्लं मीच." शाळेत हेडमास्तरांना रजेच्या अर्जात आजाराचं खरं नाव लिहून दिलं. त्यांनी सही केली आणि पुढचा कागद घेतला.

या वेळी चौदा दिवस पाळले. बाराव्या दिवशी भज्यांच्या गाडीसमोर थांबले आणि तिथूनच श्रावणीला फोन केला. "मॅडम, चलते रहो, फोन चालू रखो," ती म्हणाली. घर येईपर्यंत ती तिच्या आईबद्दल, वरंगळच्या घराबद्दल बोलत राहिली.

ऑपरेशन झालं.

आता जे लिहिते ते ज्यांचं व्हायचं आहे त्यांच्यासाठी. बारीक होऊन जाग येत नाही. जाग येते ती कोरड पडलेल्या तोंडाने. पहिले दोन दिवस औषधाच्या टोपणाने पाणी मिळतं आणि तेही छातीत अडतं. पहिला महिना मला खरोखर सर्जनचा राग आला. शेजारून फोडणीचा वास आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडायची, भूक नव्हती तरी. भुकेवाचून खाण्याची आठवण येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तिसऱ्या महिन्यात केस मूठभर गळले. मधे पाच आठवडे काटा जागचा हलला नाही आणि मला वाटलं, बघा, माझ्या बाबतीत हेही फुकट गेलं. श्रावणी म्हणाली, असं होतं. पुढे वजन पुन्हा उतरू लागलं.

सगळ्यात आधी बदलल्या त्या सकाळी. डोकं न दुखता उठणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. दीड वर्षात सत्तेचाळीस किलो उतरले. मी आजही बारीक नाही. वहीतल्या यादीतल्या निम्म्या गोष्टी झाल्या, निम्म्यांची गरजच उरली नाही.

शरीराची लाज किती वर्षं धरून बसले होते, त्याचा हिशोब नाही. आजाराची कसली लाज, असं आता वाटतं. ज्याची वाटायला हवी होती ते निराळंच होतं. तुम्ही आज ओपीडीच्या बाकावर बसला असाल, घरच्यांना खड्यांचं सांगून आला असाल, तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. फक्त ज्यांच्या हातात आपला जीव आहे, त्यांच्याशी तरी खोटं बोलू नका. मार बसतो तो भलत्याला बसतो.

गेल्या वर्षी श्रावणीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला ती स्वतः विद्यानगरला आली होती. आम्ही तिघं वरंगळला गेलो. मंडपात तिने मला आईपुढे नेलं आणि तेलुगूत ओळख करून दिली. मला पुरतं कळलं. सर ओरडले होते ना त्या वेळच्या मॅडम, त्या ह्याच, असं ती हसत सांगत होती.

तिची आई हसली नाही. साधी, सुती साडीतली बाई. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "त्या दिवशी माझी मुलगी जेवली नव्हती."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. माझं चुकलं अम्मा." माझं तेलुगू मोडकं आहे, पण एवढं आलं.

त्यांनी माझा हात धरला, पंगतीच्या टोकाला नेऊन बसवलं आणि पानात दोन चमचे भात, वर थोडं वरण स्वतःच्या हाताने वाढलं. जास्त वाढलं नाही. मुलीने सांगून ठेवलं असावं. मला एवढं खायलाही अर्धा तास लागतो, प्रत्येक घास चावून चावून. आजूबाजूची माणसं उठली, पानं उचलली, दुसरी पंगत बसली. लग्नघरची एवढी गडबड, तिकडून कुणी तरी त्यांना हाका मारत होतं. पण माझं जेवण होईपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.